खिशातला ब्लूटूथ प्रिंटर, ५८ एमएम: बूथवर आणि वाड्यावस्त्यांवर सव्वा वर्ष वापरून

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. बहुतेक नोकरी दहिवडीकडच्या गाड्यांवर गेली, मे २०२३ ला रिटायर झालो. तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून उभ्याउभ्या बटणं दाबण्यात नोकरीची शेवटची बरीच वर्षं गेली, त्यामुळं कागदाचा रोल, झाकण, बॅटरी असल्या गोष्टींत दुकानदार आपल्याला फसवू शकत नाही अशी माझी समजूत होती. फसलो. पण पुरता नाही, म्हणून लिहितोय.

वस्तू अशी: साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा काळा डबा. आत कागदाचा रोल, शाई वगैरे काही नाही, कागद तापून अक्षर उठतं, थर्मल म्हणतात तो कागद. मोबाइलला ब्लूटूथनं जोडायचा. रोलची रुंदी ५८ मिलिमीटर, त्यातली ४८ मिलिमीटर छपाईला मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये साताऱ्याहून २,३०० रुपयांना आणला. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच डबा पाच-सहा नावांनी विकला जातो, स्टिकर तेवढं वेगळं. पैसे माझ्या खिशातले, पक्षाचे नाहीत. पक्ष कुठला ते राहू दे. सत्तेतल्या बाजूचा कार्यकर्ता आहे एवढं सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी तिऱ्हाईत समजायला नको.

घेतला होता विधानसभेसाठी. मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि माझ्याकडं मतदार यादीच्या एका भागाची हजारभर नावं. पूर्वी आम्ही छापील यादी पुढ्यात घेऊन हातानं चिठ्ठ्या लिहायचो. ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात सगळं काम, बाकीचे चहा प्यायला. आता मोबाइलवरच्या मतदार यादीच्या ॲपमध्ये आडनाव टाकलं की अख्खं घर खाली उतरतं: भाग क्रमांक, अनुक्रमांक, शाळेची खोली. बटण दाबलं की चिठ्ठी. तिकीट फाडायचीच सवय, बोटांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

पहिल्याच दिवशी "ज्ञानेश्वर कृष्णा" छापायला घेतलं आणि कागदावर आले चौकोन, प्रश्नचिन्हं आणि एक उलटा स्वल्पविराम. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "मराठी सपोर्ट आहे काका, मोबाइलवर दिसतंय ना?" मोबाइलवर दिसणारच हो, प्रिंटरचं विचारतोय मी. दोन दिवस डोकं खाजवल्यावर पुतण्यानं उलगडा केला. या स्वस्त मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरं आधीपासून भरलेली असतात, आपली बाराखडी नसते. मग ॲपनं मराठी मजकुराचा फोटो करून पाठवायचा, आणि मशीननं तो फोटो म्हणून छापायचा. ॲपच्या सेटिंगमध्ये त्याचं एक बटण असतं. ते दाबल्यावर ज्ञानेश्वर नीट आला, जोडाक्षरासकट.

पण फोटो छापायला वेळ लागतो. इंग्रजी चिठ्ठी सेकंदात येते, मराठीला चार-पाच सेकंद. ऐकायला कमी वाटतात. दारात बाई एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात पिठाचा गोळा घेऊन उभी असली, की पाच सेकंद लय असतात. बॅटरीही त्यानं लवकर उतरते. खोक्यावर "दिवसभर" लिहिलंय, माझ्या हिशेबानं दीडशे-पावणेदोनशे मराठी चिठ्ठ्यांनंतर अक्षर फिकं पडायला लागतं. एसटीच्या मशीनचा वेग डोक्यात ठेवून घ्याल तर निराश व्हाल. मी झालो.

अजून एक, आणि हे मशीनपेक्षा ॲपबद्दल जास्त आहे. ॲपवाल्यानं चिठ्ठीच्या डोक्यावर उमेदवाराचा फोटो छापायची सोय आधीच चालू करून ठेवली होती. मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर, नाव-चिन्हाशिवाय असावी असा आयोगाचा नियम आहे. मी फोटो काढून टाकला. आमच्यातला एक तरणा पोरगा चिडला, "तात्या, मग आपला फायदा काय?" त्याला एक नमुना छापून दाखवला. थर्मल कागदावर करडा रंग नसतो, एक तर काळं नाही तर पांढरं. आमचे उमेदवार कोळशाच्या वखारीतून थेट प्रचाराला आल्यासारखे दिसत होते. पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

निवडणूक झाली, निकाल लागला, मशीन कपाटात गेलं. खरा उपयोग त्यानंतरचा आहे आणि हे लिहायचं कारणही तेच.

आम्हाला वरून काम येतं: सरकारनं काय काय केलं ते घरोघर पोचवा. त्यासाठी पुस्तिका येतात. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, शेवटच्या पानापर्यंत आकडे. मी इमानदारीत वाटल्या. महिन्यानं त्याच घरांत परत गेलो तर एका घरी पुस्तिकेवर कुरडया वाळत होत्या आणि दुसऱ्या घरी पोराच्या वहीला कव्हर घातलं होतं. कागद दमदार आहे, वाया गेला असं म्हणता येणार नाही.

मला तेव्हा १७ मार्च २०२३ आठवला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं तो दिवस. सकाळच्या गाडीला निम्म्या बायकांना ठाऊकच नव्हतं. वीसची नोट पुढं करायच्या, मी दहा परत द्यायचो. "कंडक्टर, चुकलं तुमचं," म्हणून दोघींनी दहा रुपये मला परत दिले. गोंदवल्याच्या पुढं एक म्हातारी त्या दहाच्या नोटेकडं बघत बसली होती, पिशवीत ठेवेना. त्याच्या आधी २६ ऑगस्ट २०२२ ला पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचा प्रवास फुकट झाला, तेव्हाही असंच. शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं की म्हातारी माणसं ते घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवायची. सरकारच्या कामाचा एवढा प्रचार मी नंतर कार्यकर्ता होऊनही करू शकलो नाही. आणि तेव्हा तर मी फक्त ड्युटी करत होतो.

म्हणून मशीन परत काढलं. ज्याचं जे अडलंय त्याची चिठ्ठी. वर त्याचं नाव, खाली काय न्यायचं, कुठं जायचं. लेक लाडकी योजनेसाठी आलेल्याला त्याची: १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी, रेशन कार्ड पिवळं किंवा केशरी, जन्माला पाच हजार, पहिलीत सहा, सहावीत सात, अकरावीत आठ आणि अठरा पुरी झाल्यावर पंचाहत्तर हजार, एकूण १,०१,०००. अंगणवाडीत अर्ज. सत्तरीच्या पुढच्याला आयुष्मानच्या वय वंदना कार्डाची, पाच लाखांपर्यंतचे उपचार, आधार घेऊन जा. साताठ ओळी. ४८ मिलिमीटरमध्ये भाषण बसत नाही, हा या मशीनचा सगळ्यात मोठा गुण.

कस लागला २०२५ च्या सप्टेंबरनंतर, लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला. बाईचं स्वतःचं आधार, त्यावर ओटीपी. मग नवऱ्याचं किंवा बापाचं आधार, त्यावर दुसरा ओटीपी. नवऱ्याचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला असतो तो तीन सिमकार्डांपूर्वीचा. त्यातच खोट्या वेबसाइटचं पेव फुटलं. मी खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा क्यूआर कोड चिठ्ठीवर छापला. क्यूआर हे मशीन एकदम लख्ख छापतं, मराठीपेक्षा चांगलं. पोरं मोबाइल धरायची, पान उघडायचं. नेटकॅफेवाल्यानं कुठल्या लिंकवर नेलं हा घोर मिटला.

एका वस्तीवर आक्का भेटल्या. नवरा जाऊन सहा वर्षं, बाप त्याच्याही आधी. दुसरा ओटीपी आणायचा कुठून?

"सरकारला सांगा म्हणावं, वर जाऊन आनते," म्हणाल्या.

मग विधवांसाठी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं द्यायची सोय झाली, ती चिठ्ठी त्यांना दिली. चिठ्ठी डोळ्याजवळ नेली, लांब धरली, नातीला वाचायला लावली. नातीनं नाव वाचलं तशा हसल्या. "माजं नाव छापलंय व्हय? तिकिटाचं पैसं किती?"

"शून्य," म्हटलं.

"आन् एकवीसशे कवा?"

याची चिठ्ठी माझ्या मशीनमध्ये नाही. दीड हजारावरून एकवीसशे करू हे निवडणुकीत आम्हीच सांगत फिरलो होतो, मीही. दर चौथ्या घरी हा प्रश्न येतो. सुरुवातीला मी विषय बदलायचो, आता "अजून झालेलं नाही" एवढं सांगतो. आक्कांनी मान हलवली आणि चहा ठेवला. विषय बदलायचो तेव्हा चहा मिळत नव्हता, हे मी नोंदवून ठेवलंय.

आता दोष, कारण मराठीचा घोळ सेटिंगनं सुटतो, पुढचे सुटत नाहीत.

थर्मल कागदावरचं अक्षर टिकत नाही. मला हे माहीत असायला हवं होतं. तिकीट पाकिटात महिनाभर राहिलं की कोरं होतं हे प्रवासी मला वर्षानुवर्षं ऐकवत आलेत. माण तालुक्यातल्या एप्रिलच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला छापील गठ्ठा मला संध्याकाळी अख्खा काळा मिळाला, जणू अमावस्येची चिठ्ठी. चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या काळवंडतात. तेलाच्या बोटानं पुसट होतात. सगळ्यात वाईट म्हणजे जपून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेल्या. एका मावशीनं रेशन कार्डाबरोबर कव्हरात ठेवली, दोन महिन्यांनी पांढरीफेक. "तुमचं सरकारबी असंच," म्हणाल्या, आणि मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की शेजारी बॉलपेननं लिहून देतो. म्हणजे फिरून हातानंच लिहायला लागलो.

झाकणाची कडी सहाव्या महिन्यात तुटली. वॉरंटी वर्षाची होती, पण दुकानदार म्हणाला, कडी "फिजिकल डॅमेज"मध्ये येते. कडी फिजिकलच असणार, मनानं थोडीच तुटते. तेव्हापासून रबर बँड लावून चालवतो. रबर ढिलं झालं की कागद तिरका निघतो आणि उजवीकडची अक्षरं कापली जातात. एकदा "मृत्यूचा दाखला" मधला दाखला कापला गेला आणि हातात आलेली चिठ्ठी बघून माणूस घाबरला.

चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची आहे. घरातले सगळे फोन टाइप-सी, म्हणून हिच्यासाठी वेगळी वायर सांभाळायची. विसरलो की त्या दिवशीची वस्ती बुडाली.

रोल घेताना मात्र माझा जुना अनुभव कामाला आला. पुडा उघडून नखानं ओरखडा ओढायचा, काळी रेघ उठली की ती बाजू छपाईची. रेघ फिकी उठली तर कागद हलका किंवा जुना, घेऊ नका. रोल संपत आला की कडेला लाल पट्टी दिसायला लागते, ती दिसली की पुढच्या घरात शिरायच्या आधी बदला. दारात उभं राहून रोल घालायला गेलात तर घरातली माणसं मदतीला येतात आणि कुठंतरी बोट अडकतं. मशीन मोबाइलला जोडताना पिन मागेल, ती बहुतेक वेळा ०००० नाही तर १२३४ असते, खोक्यावर शोधत बसू नका. आणि आधारचा नंबर चिठ्ठीवर कधीही छापू नका. लोक स्वतःहून सांगतात, "घाला की, विसरतो मी." नाही घालायचा. तीच चिठ्ठी उद्या चहाच्या टपरीवर पडलेली असते.

पाचपैकी किती? छपाईला तीन, बॅटरीला दोन, कडीला शून्य. दिवसाला चाळीस-पन्नास चिठ्ठ्यांचं काम असेल आणि अक्षर महिनाभरच टिकायला हवं असेल तर २,३०० रुपये वसूल आहेत. प्रचाराच्या धामधुमीत हजारो काढायच्या असतील तर मोठ्या बॅटरीचा घ्या, आणि दुकानातच स्वतःचं नाव मराठीत छापून दाखवा म्हणावं. ज्ञानेश्वर नसाल तर ज्ञानेश्वर छापून बघा.

माझं मशीन सध्या वडूजला रेडिओ-मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर आहे. कडीचे सत्तर रुपये सांगितलेत, आठ दिवस झाले. तोवर खिशात वही आणि बॉलपेन.