बर्फ काढण्याचा मोसमी ठेका: पाच महिन्यांनंतरचा हिशेब

कॅनडात टोरोंटोजवळच्या मिसिसागात आमचा हा चौथा हिवाळा. पहिली दोन वर्षं मी स्वतः फावडं मारलं. तिसऱ्या वर्षी एकाला मोसमाचे सगळे पैसे आगाऊ दिले आणि जानेवारीनंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. म्हणून २०२४च्या नोव्हेंबरात ठेका देताना भाव कसा ठरतो ते नीट विचारून घेतलं. आता एप्रिल सरलाय, हिशेब पूर्ण झालाय.

भाव दोन तऱ्हांनी मिळतो: दर खेपेला, नाहीतर मोसमाचा एकरकमी. मला खेपेचे ४५ आणि मोसमाचे ६८० डॉलर सांगितले, दोन्ही कर धरून. मी सवयीने ५००पासून घासाघीस सुरू केली. ठेकेदार मूळचे जालंधरचे, माझ्याहून वयाने मोठे. मी त्यांना पाजी म्हणतो, पंजाबीत मोठा भाऊ. ते चिडले नाहीत. टेप काढून ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची गाडीची वाट मोजली, ६ बाय १० मीटर. १० सेंटिमीटर पडला की ६ घनमीटर बर्फ. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, म्हणजे ६०० किलो. ओला असला तर दुप्पट-तिप्पट. हे सगळं लोक कामाला निघायच्या आत, आणि त्याच दोन-तीन तासांत बाकीची घरंही. वर डिझेल, दुरुस्ती आणि विमा. साफ केलेल्या जागेवर कुणी घसरून पडलं तर दावा ठेकेदारावरही येऊ शकतो. बर्फ पडो न पडो, विम्याचा हप्ता भरावाच लागतो. दोन वर्षं पाठ मोडून घेतलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं, याचं वाईट वाटलं. ५००चा विषय मी तिथेच सोडला.

सूट मिळाली ती वेगळ्या वाटेने. गल्लीतली लागून असलेली चार घरं आम्ही एकत्र केली. ट्रक एकदाच आत येतो, त्यांचा फेरा वाचतो. भाव घरटी ६२० झाला. अशी सूट मागायला मला संकोच वाटत नाही, कारण ती कुणाच्या मजुरीतून कापलेली नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये टोरोंटो परिसरात वादळामागून वादळ आलं. पहाटे पडद्यावर ट्रकचा नारिंगी दिवा फिरायचा आणि पात्याचा खरडल्याचा आवाज यायचा. वादळांच्या त्या दहा दिवसांत पाजी सहा वेळा आले. शेजारच्या काकू नर्सिंग होममध्ये सकाळच्या पाळीला जातात, त्यांचं दार रोज पहिलं मोकळं व्हायचं.

कमी पडलं ते एकाच ठिकाणी. सिटीचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी पालिकेची गाडी, रस्ता साफ करत जायचा आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जायचा. करड्या रंगाचा, मिठाळ, रात्रभरात असा गोठतो की फावडं टणकन उसळतं. पाजी प्लाऊच्या आधी येऊन गेले असले तर हा बांध कुणी फोडायचा, हे करारात लिहिलेलंच नव्हतं. दोनदा मीच फोडला; एकदा मनगट आठवडाभर दुखलं. मिठाचंही तसंच. साधं मीठ उणे दहाच्या खाली जवळपास निकामी होतं, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं आणि ते महाग असतं. त्यांनी त्याचे खेपेला १० डॉलर वेगळे लावले. रक्कम गैर नव्हती, पण आधी सांगायला हवी होती, आणि मी तसं त्यांना स्पष्ट बोललो.

एकूण खेपा १७. खेपेच्या भावाने ७६५ झाले असते. नऊच खेपा झाल्या असत्या तर ४०५मध्ये भागलं असतं आणि मी २१५ जास्त मोजले असते. तरीही मला ते चाललं असतं. हिवाळा कोरडा गेला म्हणून त्यांच्या घरचा खर्च थांबत नाही, आणि भरभरून पडला तेव्हा त्यांनी खेपा वाढल्या म्हणून माझ्याकडे एक डॉलरही वाढवून मागितला नाही.

पुढच्या हिवाळ्याचा भाव खेपेला ४५ किंवा एकत्रित घरटी ६६०, असा आलाय. चारही घरांनी ६६० मान्य केलेत. या वेळी कागदावर तीन ओळी वाढवून घेतल्या: किती सेंटिमीटरला यायचं, मिठाचा दर, आणि प्लाऊ गेल्यावर बांध फोडायला दुसरी खेप. तिसऱ्या ओळीचेच ४० डॉलर वाढलेत. पहिला हप्ता नोव्हेंबरात, दुसरा जानेवारीत द्यायचाय.