ताजं, शिळं आणि मुरलेलं : वेब डिझाइनच्या वाचनाची झाडाझडती

वेब डिझायनर आणि डेव्हलपर मंडळींनी वाचाव्यात अशा साइट्सच्या याद्या ढिगाने सापडतात. पन्नास नावं, प्रत्येकाखाली दोन ओळींचं कौतुक, आणि त्यातल्या निम्म्या जागी गेल्या तीन वर्षांत नवं काही आलेलं नसतं. या धंद्यात लेख नासतात, आणि नासलेला लेख ताज्यासारखाच दिसतो. म्हणून इथे प्रत्येक साइटला मुख्य प्रश्न एकच विचारला आहे: माल शिळा झाला तर तिथे तसं कळतं का?

आधी स्वतः वास घेऊन बघायच्या काही खुणा. फ्लेक्सबॉक्समध्ये (सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली खोके ओळीत मांडायची पद्धत) 'गॅप' (खोक्यांमधलं अंतर) चालत नाही, मार्जिन वापरा, असं लेख सांगत असेल तर तो एप्रिल २०२१ च्या आधीचा किंवा तिथून उचललेला आहे, ॲपलच्या सफारी १४.१ मध्ये ते आलं आणि प्रश्न मिटला. मोबाइलवर पूर्ण उंचीचा भाग हवा म्हणून जावास्क्रिप्टने खिडकीची उंची मोजायला लावत असेल, तर लेखकाला २०२२ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आलेलं 'डीव्हीएच' हे एकक माहीत नाही. वेगाच्या लेखात 'एफआयडी' (पहिल्या क्लिकनंतरचा विलंब) हा निकष असेल, तर १२ मार्च २०२४ ला त्याची जागा 'आयएनपी'ने (क्लिकला पान किती लवकर प्रतिसाद देतं) घेतली आहे. वर छापलेली तारीख नवी असली तरी या खुणा खोटं बोलत नाहीत, कारण तारीख बदलून जुना लेख पुन्हा वर आणायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे.

एमडीएन. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २००५ मध्ये सुरू केलेला वेब तंत्रांचा हा संदर्भग्रंथ. २०२० च्या डिसेंबरपासून त्याचा सगळा मजकूर गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे. चूक दिसली की कोणीही दुरुस्ती पाठवू शकतो, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख असते. शिळेपणाच्या परीक्षेत याला पैकीच्या पैकी. प्रत्येक गुणधर्माच्या पानावर वरच 'बेसलाइन'ची पट्टी दिसते. 'नुकतंच उपलब्ध' म्हणजे सर्व प्रमुख ब्राउझरांत पोहोचलं. त्यानंतर ३० महिने उलटले की 'सर्वत्र उपलब्ध'. ग्राहकाचं काम करताना ही पट्टी फार कामाची. उदाहरणार्थ कंटेनर क्वेरी (खोक्याच्या रुंदीप्रमाणे आतलं रूप बदलणारे नियम): फायरफॉक्स ११० मध्ये फेब्रुवारी २०२३ ला आल्या, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून बिनधास्त. सबग्रिड (ग्रिड म्हणजे आडव्या-उभ्या रांगांची मांडणी, तिच्याच रांगा आतल्या खोक्यांनी वापरणं) क्रोममध्ये सप्टेंबर २०२३ ला आला, त्याचे ३० महिने मार्च २०२६ ला भरतात. एमडीएनचा दोष एवढाच की तिथे 'काय आहे' हे चोख सांगतात, 'कधी वापरू नये' हे क्वचित. शिवाय मराठीत ते नाही. नवशिक्याने थेट गुणधर्माच्या पानावर उडी मारली तर भोवळ येईल; त्याने आधी तिथलाच 'लर्न' विभाग घ्यावा.

'कॅन आय यूज' हा वाचनाचा प्रकार नव्हे, कुठल्या ब्राउझरात काय चालतं याचा तक्ता आहे. पण त्यातल्या तळटीपा वाचायची सवय लावा. हिरव्या चौकोनावर छोटा आकडा असेल तर खाली 'पण' लिहिलेलं असतं, आणि बग नेमका त्या 'पण'मध्ये असतो. भारतातली आकडेवारी वेगळी निवडता येते, ती निवडा.

वेब डॉट डेव्ह ही गूगलची साइट. वेगाच्या विषयात हिला तोड नाही. निकष नेमके आहेत: एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (मजकूर अचानक सरकण्याचं माप) ०.१ च्या आत, आणि तेही शंभरातल्या ७५ भेटींना. तिथले लेख वाचून ज्या चुका पटकन पकडता येतात त्यातली सर्वांत महागडी म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या मोठ्या चित्राला 'लेझी' लोडिंग (चित्र गरज पडेपर्यंत न मागवणं) लावणं. ब्राउझर मांडणी पूर्ण होईपर्यंत ते चित्र मागवतच नाही आणि एलसीपी घसरतो. त्या एका चित्राचं 'लेझी' काढा, 'फेच प्रायॉरिटी' (मागवण्याचा अग्रक्रम) हाय ठेवा, आणि प्रत्येक चित्राला रुंदी-उंची लिहा म्हणजे मजकूर खाली ढकलला जाणार नाही. दुसरी गोची: लाइटहाउसमध्ये (गूगलचं पान तपासायचं साधन) ९८ गुण, तरीही सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचा गूगलचा अहवाल) लाल. लाइटहाउस प्रयोगशाळेत चालतो, नेहमीच्या पान उघडण्याच्या चाचणीत तो आयएनपी मोजू शकत नाही कारण तिथे कोणी क्लिकच करत नाही. सर्च कन्सोल मात्र खऱ्या लोकांच्या मागच्या २८ दिवसांच्या भेटी धरतो. त्यामुळे आज केलेली दुरुस्ती तिथे उद्या दिसणार नाही. हा फरक इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच समजावलेला आढळतो.

पण घर गूगलचं आहे हे विसरू नये. क्रोमच्या डेव्हलपर साइटवर जे झळकतं ते कधी कधी फक्त क्रोममध्येच चालतं. तोल राखायला वेबकिटवाल्यांचं (सफारीमागचं इंजिन बनवणाऱ्यांचं) लेखन शेजारी ठेवा. २०२४ मध्ये मेसनरी मांडणीवरून (कमी-जास्त उंचीचे खोके विटांसारखे रचणं) गंमत झाली: वेबकिटने एप्रिलमध्ये ती ग्रिडचाच भाग करावी असं मांडलं, आणि मे महिन्यात क्रोमच्या गटाने वेगळा डिस्प्ले प्रकार हवा असं उत्तर दिलं. दोन्ही लेख लागोपाठ वाचले तर सीएसएस कसं ठरतं हे कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा जास्त कळतं.

सीएसएस-ट्रिक्सबद्दल जपून बोलावं लागेल. ख्रिस कॉइअरने २००७ मध्ये सुरू केलेली ही साइट मार्च २०२२ मध्ये डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने घेतली, मग बराच काळ सामसूम, आणि २०२४ पासून पुन्हा लेख येऊ लागले. तिथलं फ्लेक्सबॉक्सचं मार्गदर्शक २०१३ चं, पण वेळोवेळी हात फिरलेलं, म्हणून अजूनही भिंतीवर लावण्यासारखं. बाकीचं कोठार मात्र पाहून घ्यावं. २०१२ चं एखादं फ्लोटचं (जुन्या मांडणीपद्धतीचं) कोडं शोधयंत्र अजूनही वर आणून ठेवतं. पद्धत अशी ठेवा: 'आल्मनॅक' (सीएसएस गुणधर्मांची सूची) आणि मोठी मार्गदर्शकं निःशंक, सुटे लेख २०२१ नंतरचे, त्याआधीचं काही घेतलंच तर एमडीएनवर ताडून.

स्मॅशिंग मॅगझिन २००६ पासून जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून चालतं. लेख लांब, बाहेरच्या लेखकांचे, त्यामुळे दर्जा वरखाली. फॉर्म, एरर संदेश, मोठे तक्ते मोबाइलवर कसे दाखवावेत असल्या कंटाळवाण्या पण रोजच्या प्रश्नांवर इथलं लेखन सर्वांत उपयोगी. फ्रेमवर्कवरचे (साइट बांधायच्या तयार सांगाड्यांवरचे) लेख मात्र लवकर आंबतात, ते सहा महिन्यांनी वाचूच नयेत. (दर महिन्याला वॉलपेपर वाटायची त्यांची जुनी हौस आहे. तिचा कामाशी संबंध नाही, पण गोड आहे.)

अ लिस्ट अपार्टवर आता नवं क्वचितच येतं. तरी इथला माल शिळा नाही, मुरलेला आहे. इथन मार्कॉटचा २५ मे २०१० चा रिस्पॉन्सिव्ह (पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या) डिझाइनवरचा लेख इथेच आला. त्यातलं 'हव्या रुंदीला संदर्भाच्या रुंदीने भागा' हे गणित, म्हणजे ३०० भागिले ९६० बरोबर ३१.२५ टक्के, आज ग्रिड आपसूक करतं. लवचीक मांडणी, लवचीक चित्रं आणि मीडिया क्वेरी (पडद्याप्रमाणे बदलणारे नियम) ही त्रयी मात्र तशीच उभी आहे. फीडमध्ये (नवे लेख आपोआप आणणाऱ्या यादीत) ठेवायची गरज नाही. एखाद्या रविवारी जुने अंक उपसावेत.

एकट्याने लिहिणाऱ्यांत दोन नावं. जॉश कोमोच्या लेखांत आकृत्या हाताने सरकवून बघता येतात. फ्लेक्सबॉक्समधला खोका एका मर्यादेपेक्षा लहान व्हायला का नकार देतो, आणि 'मिन-विड्थ' शून्य केल्यावर का ऐकतो, हे तिथे स्लायडर ओढून डोळ्यांना दिसतं: खोक्याची मूळ किमान रुंदी 'ऑटो' असते, म्हणजे आतल्या सर्वांत लांब शब्दाएवढी. दुसरा अहमद शदीद. त्याचा 'डिफेन्सिव्ह सीएसएस'चा विचार असा की खरा मजकूर नमुन्यातल्यासारखा कधीच नसतो: नाव लांब येईल, चित्र येणारच नाही, यादी रिकामी असेल. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या अरबीसाठीही तो लिहितो, म्हणून रोमन लिपीपलीकडे जग आहे हे त्याला सांगावं लागत नाही.

हे सगळं ब्राउझरच्या बुकमार्कात कोंबू नका. फीडली, इनोरीडर किंवा मॅकवर नेटन्यूजवायर असा फीडवाचक घ्या, साइटचा मुख्य पत्ता टाका, फीड बहुतेक वेळा ते स्वतःच शोधतं. ब्राउझरांच्या नव्या आवृत्त्यांच्या टिपा एका कप्प्यात ठेवून महिन्यातून एकदा चाळा. कोमो, शदीद आणि स्मॅशिंग दुसऱ्यात, आठवड्याला. एमडीएनचे संदर्भ फीडमध्ये नकोत, ते शोधूनच उघडायचे असतात.

या साऱ्यांची एक उणीव मराठी साइट करणाऱ्याला पहिल्याच दिवशी टोचते: देवनागरी. शीर्षकाला १.२ लाइन-हाइट (ओळीची उंची) द्या हा सल्ला रोमनसाठी ठीक. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांवर चढतात, आणि ओव्हरफ्लो (खोक्याबाहेर गेलेला भाग) लपवलेला असेल तर मात्रा छाटल्या जातात. शीर्षकाला १.४ ते १.५, मजकुराला १.६ ते १.८ ठेवा. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका, शिरोरेषा तुटते. पानाच्या लँग (भाषा सांगणाऱ्या) गुणधर्मात 'एमआर' लिहा. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे येतात. यासाठी वाचायची जागा म्हणजे डब्ल्यूथ्रीसीचा (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा) आंतरराष्ट्रीयीकरण विभाग आणि भारतीय लिप्यांच्या मांडणीवरचा त्यांचा दस्तऐवज. भाषा रुक्ष, पण कामाची. अक्षरं मोजून मजकूर कापणाऱ्यांनी तर तो आधी उघडावा: जावास्क्रिप्टच्या लेखी 'क्षी' हे एक नव्हे, चार आहेत, आणि मधोमध कापलं की बातमीच्या टोकाला लटकणारा हलन्त उरतो. 'इंटल सेगमेंटर'ने (जावास्क्रिप्टमधलं मजकूर तोडायचं साधन) हे सुटतं, पण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये (अक्षरांच्या जागतिक मानकात) १५.१ या २०२३ च्या आवृत्तीत आला. त्यामुळे जुन्या फोनवर तपासल्याशिवाय ते काम संपलं असं धरू नका.