वर्डफेन्स: आमच्या दुकानाच्या साइटचा राखणदार

दांडिया बाजारातल्या आमच्या नऊवारीच्या दुकानाची वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) वर चालणारी साइट ऐन दिवाळीच्या तोंडावर हॅक झाली. पुण्याच्या एका ताईंचा फोन आला, "अहो, तुमची लिंक उघडली की सट्ट्याचं पान येतंय!" पोटात गोळाच आला. भाच्याने वर्डफेन्स या वर्डप्रेसला जोडायच्या सुरक्षा प्लगइनची मोफत आवृत्ती टाकून स्कॅन चालवलं. साड्यांच्या फोटोंच्या फोल्डरात एक पीएचपी फाइल, म्हणजे प्रोग्रामचा कोड असलेली फाइल, दडून बसली होती. तिथे तिचं काय काम? वर्डप्रेसच्या मूळ फाइलींशी ताडून बदललेल्या ओळीही वर्डफेन्सने दाखवल्या. लॉगिनला मोबाइलवरच्या कोडची सोयही फुकट आहे. खटकतं ते एवढंच: नवे धोके ओळखायचे नियम मोफतवाल्यांना ३० दिवस उशिरा मिळतात. तेवढ्यात चोर घर धुऊन नेईल! पुढच्या महिन्यात पैसे भरून सशुल्क आवृत्ती घेणार आहे. तोवर दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी स्कॅन बघते.