स्टीव्हन विल्सनचा 'रेव्हन': सीडी अडकते तरी ऐकतोय

आधी तक्रार सांगून टाकतो म्हणजे डोकं मोकळं होईल. एका सेकंडहँडवाल्याकडून ऑनलाइन 'अगदी नव्यासारखी' म्हणून ही सीडी मागवली. आली तेव्हा पाकिटाचा कोपरा चेपलेला, सीडीवर नखाएवढा ओरखडा, आणि तिसरं गाणं चौथ्या मिनिटाला पोचलं की तिथेच टक्-टक्-टक् करत बसतं. गंमत म्हणजे पहिल्या दोन वेळा मला वाटलं हे असंच वाजवलंय! प्रोग्रेसिव्ह रॉकच ते, म्हणजे लांबलचक, वळणावळणांच्या गाण्यांचं रॉक, त्यात काय वाट्टेल ते होऊ शकतं. तिसऱ्यांदा बाबा आतून ओरडले, "अरे अडकलंय ते, बंद कर," तेव्हा माझी ट्यूब पेटली.

असो. अल्बमचं पूर्ण नाव 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग (अँड अदर स्टोरीज)', 2013 मधला. गाणी फक्त सहा पण सगळी मिळून जवळपास 55 मिनिटं, पहिलंच 'ल्युमिनॉल' 12 मिनिटांचं. करणारा पॉर्क्युपाइन ट्री या बँडवाला स्टीव्हन विल्सन, ज्याने त्याआधीची काही वर्षं किंग क्रिमसन, जेथ्रो टल अशा रॉक बँडांचे जुने अल्बम मूळ टेपवरून नव्याने मिक्स करण्यात घालवली होती. इतकी वर्षं कुणाच्या स्वयंपाकघरात वावरल्यावर हाताला तीच चव येणार ना. आणि यानेही काही लपवलेलं नाही, उलट उघड्यावर केलंय सगळं. साउंड इंजिनिअर म्हणून थेट अ‍ॅलन पार्सन्सला आणला, म्हणजे पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या 'डार्क साइड ऑफ द मून'चा इंजिनिअर. मेलोट्रॉन हवा होता तर किंग क्रिमसनचाच जुना मिळवला. मेलोट्रॉन माहीत नसेल तर सांगतो, दिसायला ऑर्गनसारखा पण आत प्रत्येक पट्टीला टेपचा एकेक तुकडा, पट्टी दाबली की त्यावर रेकॉर्ड केलेली व्हायोलिनं नाहीतर बासऱ्या वाजतात आणि आठेक सेकंदांत टेप संपते, मग बोट उचलून परत दाबा. म्हणून तो आवाज जरा थरथरता, ओलसर येतो, जुन्या वाड्यातल्या भिंतीसारखा.

मग ही नक्कल झाली का? मला नाही वाटत, निदान सगळीकडे नाही. सवाईला नवा गवई बसला की मागच्या सतरंजीवरचे काका पाच मिनिटांत डिक्लेअर करतात की ही जागा अमक्यांची, ती तान तमक्यांची, पण म्हणून कुणी त्याला चोर म्हणत नाही, घराण्याचा म्हणतात. प्रश्न एवढाच की त्या जागा घेऊन पुढे तो स्वतःचं काय गातो. 'ल्युमिनॉल'मध्ये निक बेग्जचा बेस आणि मार्को मिनमनचे ड्रम्स सुरुवातीपासून जे सुटतात ते जाम भारी आहे. बाबा (तीस वर्षं हौसेने तबला वाजवलाय) मांडीवर मात्रा मोजायला लागले आणि थोड्या वेळाने सोडून देऊन चहा प्यायला लागले. पण मग मध्यावर सगळं शांत होतं आणि तिथे मात्र जुन्या लोकांची इतकी आठवण येते की याचा अल्बम थांबवून त्यांचाच लावावा वाटतं. 'द होली ड्रिंकर'मध्ये तर फारच, ओरखड्याचा दोष सोडूनही ते मला लांबलेलं वाटलं. विल्सनचा आवाजही तसा पातळच आहे, असले वादक मागे असले की तो जास्तच जाणवतो.

'ड्राइव्ह होम' मात्र सोडू नका. शेवटी गथ्री गोव्हनचा गिटार सोलो आहे, हात इतका तयार असूनही माणूस घाई करत नाही, एकेक सूर ठेवत वर चढतो. हे मी कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये ऐकलं आणि सिग्नल सुटलेला कळला नाही, मागच्या रिक्षावाल्याने माझा यथोचित उद्धार केला.

गोष्टी सगळ्या भुताखेतांच्या. घड्याळजी बायकोला मारून जमिनीखाली पुरतो वगैरे, भाड्याच्या लायब्ररीतल्या पानं सुटलेल्या भयकथा वाचलेल्यांना नवं काही नाही. पण शेवटचं, अल्बमच्याच नावाचं गाणं वेगळं आहे. नुसत्या पियानोवर सुरू होतं, हळूहळू सगळी वाद्यं येतात. म्हातारा माणूस, लहानपणी मोठी बहीण वारलेली, आता बागेत एक डोमकावळा येतो आणि याला वाटतं तीच आली, म्हणून तो त्याला गायला सांगतो. कावळा गात नाही. मी बाबांना एवढी गोष्ट सांगितली तर म्हणाले, "म्हणजे कावळा शिवत नाहीये." मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. "अक्काच्या दहाव्याला ओंकारेश्वराला दीड तास उभे होतो. सगळं कबूल करून झालं, पोरांचं बघू, घर विकणार नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा करून शिवला." आत्याच्या दहाव्याचं हे मला माहीतच नव्हतं. तेवढ्यात गाणं संपलं होतं आणि प्लेयर नुसता फिरत होता.

2016 च्या डिसेंबरात हा माणूस पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेला आणि मी तेव्हा नाशिकला मावसभावाच्या लग्नात पंगतीत जिलबी वाढत होतो, हे आठवलं की अजून पोटात दुखतं.

घ्यायचाच असेल तर नवीन घ्या, 'नव्यासारखी'च्या नादाला लागू नका. माझी परत करायची मुदत परवा संपली.