टॉवेलचे पैसे: बँक, यूपीआय की क्रिप्टो?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली आमच्या टॉवेलच्या धंद्यातली पोरं हल्ली विचारतात, "काका, पेमेंट यूएसडीटीत घेऊ का?" यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं. बँक आणि क्रिप्टो दोन्ही वापरून बघितलंय, म्हणून लिहितो.

क्रिप्टोचं कौतुक आधी करतो. बाहेरच्या व्यापाऱ्याने रविवारी रात्री पाठवलं तरी काही मिनिटांत वॉलेटला येतं. बँकेची वायर, म्हणजे परदेशातून खात्यात येणारे पैसे, मधल्या बँकांची कात्री लागून दोन-तीन दिवसांनी येणार. हे यूएसडीटीचं झालं हं. बिटकॉइनचा ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी बनतो आणि सेकंदाला सातेक व्यवहार निघतात. तेवढ्यात आमच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या भजीवाल्यांचंसुद्धा भागायचं नाही.

माझं घोडं अडलं ते हिशोबात. एक्स्चेंजवरून थोडे यूएसडीटी घेतले आणि ओळखीच्या सूतवाल्याला दिले. मला वाटलं पैसे दिले. कायद्याच्या लेखी मी मालमत्ता विकली. सीएने तक्ता मागितला: घेतल्याची तारीख, भाव, दिल्या दिवशीचा भाव. मधल्या काळात डॉलर थोडा चढला होता, म्हणजे सूत विकत घेताना मलाच नफा झाला! त्यावर ३०% कर, एप्रिल २०२२ पासून. भाव पडला असता तर तो तोटा कशातूनच वजा होत नाही. शिवाय ठराविक रकमेच्या वर गेलं की १% टीडीएस भरायचं लचांड सूतवाल्याच्या गळ्यात. पुढच्या वेळी तो म्हणाला, "मालक, यूपीआय करा ना." एका पोत्यामागे एवढी वही कोण लिहिणार?

निर्यातीत तर क्रिप्टोचा प्रश्नच येत नाही. पैसे बँकेतून आले नाहीत तर ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचा दाखला, निघत नाही, आणि त्यावाचून निर्यातीच्या सवलती अडकतात.

एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारावरची ते घ्यायची सक्ती काढली. व्हेनेझुएलासारखी महागाई असेल, तर तिथला माणूस यूएसडीटी धरून बसतो ते मला पटतं. आपल्याकडे कारागीर आठवड्याचा पगार घेऊन थेट किराणावाल्याकडे जातो, त्याला रुपयेच लागतात.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल, तर गणितही वेगळं निघेल कदाचित. थोडं बिटकॉइन माझ्याकडेही पडून आहे, पण बुडालं तरी माग थांबणार नाही एवढंच. गिऱ्हाइकाला आधी पाठवायच्या प्रोफॉर्मा बिलावर मात्र मी अजून बँकेचा स्विफ्ट कोडच छापतो.