तळघरातली ती अनुवादित कादंबरी: एक पावसाळा काढल्यानंतर

कथानक पुन्हा सांगत बसत नाही. एकाने एकीला कोंडून ठेवलंय आणि त्याला ते प्रेम वाटतं, एवढं मलपृष्ठावरच आहे. अनुवाद वाचनीय आहे. बांधणी मात्र भिकार.

साडेचारशे रुपये घेऊन शिलाई नाही. 16 पानी फॉर्मच्या (छापील तावाच्या) घड्या कापायच्या, कणा खरवडायचा, वर गरम गोंद फासायचा, झालं पुस्तक. घाटावर हे टिकतं. रत्नागिरी-मालवणकडे जुलैत आर्द्रता 85-90 टक्क्यांवर असते. कागद ओल पिऊन फुगतो, गोंद फुगत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कागद आकसला की पानं सुटायला लागतात. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ओल लागलेली प्रत बदलून मिळत नाही.

दुसरी कादंबरी असती तर खपवून घेतलं असतं. इथे उत्तरार्ध म्हणजे कोंडलेल्या मुलीच्या नोंदी, त्याही बिनतारखेच्या, कारण तळघरात तिला दिवसच कळत नाही. त्यात पृष्ठांक छापलेत आतल्या कोपऱ्यात, म्हणजे पान फाटून निघालं की आकडा गेला. मग क्रम लावायचा कशावरून? तिच्या साबणावरून! वडी नवी, वडी अर्धी, वडीची चकती; दर दोन-तीन नोंदींमागे उल्लेख येतो. पहिल्या वाचनात हाच मधला भाग रटाळ वाटला होता. आता तो पुस्तकातला सगळ्यात भीषण भाग वाटतो. कोंडणारा दर वेळी न विसरता नवी वडी आणून देतो, तेही तिच्या आवडीच्या वासाची.

दुरुस्ती घरी होते. पानं ठोकून सारखी करा, कण्याची कड 2-3 मिमी बाहेर ठेवून दोन फळ्यांत आवळा. जुना गोंद खरवडा. करवतीच्या पात्याने दीड-दीड सेंमीवर 1 मिमी खोल आडव्या खाचा पाडा, त्यांत सुती दोरा बसवा, वर पांढरा फेविकॉल आणि कापडी पट्टी. पावसाळ्यात 24 तासांत वाळत नाही, 48 द्या. खळ नको, कसर तिच्यावरच येते; जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते म्हणूनच. डांबरगोळ्यांनी कसर हटते, बुरशी नाही. तिच्यासाठी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

प्रस्तावनेत सगळं खापर 'स्टॉकहोम सिंड्रोम'वर, म्हणजे ओलिसाला कोंडणाऱ्याचाच कळवळा येण्यावर, फोडलंय. ते नाव स्टॉकहोममधल्या 1973 च्या बँक दरोड्यातून आलं: सहा दिवस, चार ओलीस, आणि ओलिसांना दरोडेखोरांपेक्षा पोलिसांचं भय जास्त. या मुलीला त्याचा कळवळा कधीच येत नाही. ती गोड बोलते ती किल्लीवर डोळा ठेवून. प्रस्तावनाकाराने पुस्तक पूर्ण वाचलं असावं का, शंका आहे. आणि सुटायचं तर त्याचं तरी पान सुटावं! ती नऊच्या नऊ पानं घट्ट आहेत.