गाडी सुरू व्हायला त्रास देतेय: बॅटरीवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन की सर्व्हिस सेंटर?

ठाण्यात अशा वेळी तीन पर्याय समोर असतात. फोन केला की सोसायटीत येणारा बॅटरीवाला, नाक्यावरचा किंवा वागळे इस्टेटच्या बाजूचा ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिघंही कामाचे आहेत. पण चुकीच्या माणसाला आधी गाठलं, तर चांगली बॅटरी बदलली जाते आणि बिघाड होता तिथेच राहतो. म्हणून कुणालाही फोन करण्याआधी चावी फिरवा आणि नीट ऐका.

इंजिन फिरतच नसेल, नुसती टिकटिक होत असेल किंवा जड, दमल्यासारखं फिरत असेल, तर अडचण विजेची आहे. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीचा विषय जवळजवळ संपला. मग इंधन, ठिणगी नाहीतर एखादा सेन्सर पाहावा लागतो. सेल्फ मारताना एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबा. नाहीतर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, तापते आणि उरलीसुरली बॅटरीही बसते.

बॅटरीवाल्याची मोठी सोय म्हणजे तो गाडीपाशी येतो. स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावर गाडी अडकली की शेजाऱ्याची गाडी लावून जंप केबल पोहोचत नाही. तिथे त्याच्याकडचा छोटा जंप स्टार्टरच उपयोगी पडतो. अडचण एवढीच, की त्याचा धंदा बॅटरी विकण्याचा आहे. म्हणून मीटर लावून आकडे दाखवायला सांगा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, तपासा, कारण तो चार्ज करत नसेल तर नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर साधी स्वस्त बॅटरी बसवू देऊ नका. त्या गाड्यांना वारंवार सुरू-बंद सोसणारी, ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते.

माझा स्वतःचा कौल, वीज हेच कारण असेल आणि बॅटरी दोन वर्षांच्या आतली असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनला. खाडीकाठच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो, अर्थिंगची पट्टी गंजते, आणि धडधाकट बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. तो हे घासून, आवळून अर्ध्या तासात सोडवतो. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज ९.६ च्या खाली जातो का, हेही तो पाहतो. तसा जात नसेल आणि तरीही नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर सेल्फकडे संशय जातो. इथे खर्चात मोठा फरक पडतो. चांगला इलेक्ट्रिशियन सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलतो. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खा सेल्फच नवा बसतो.

लोकलने कामाला जाणाऱ्यांची गाडी आठवडाभर उभी असते. त्यात डॅशकॅम किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम थोडा थोडा करंट खात राहते. गाडी लॉक करून सगळं शांत झाल्यावर हा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तो मोजायला वेळ लागतो. बॅटरीवाला सहसा तेवढा थांबत नाही, इलेक्ट्रिशियन थांबतो. रविवारी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून रांगत जाण्याने ही तूट भरून निघेलच असं नाही.

सर्व्हिस सेंटरची खरी गरज लागते ती इंजिन फिरूनही पेट घेत नाही तेव्हा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल किंवा गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर आधी घरातली दुसरी चावी लावून पाहा. त्यानेही सुरू झाली नाही तर इमोबिलायझरचं, म्हणजे चावी ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं, काम त्यांच्याकडेच द्या. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला बाहेरच्या कुणालाही हात लावू देऊ नका. नंतर वॉरंटीवरून वाद होतो.

सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. आपल्याकडच्या बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. पेट्रोल फक्त सुरू करण्यापुरतं लागतं म्हणून टाकीत जेमतेम ठेवायची सवय लागते. तेच पेट्रोल महिनोन्‌महिने शिळं होतं, इंजेक्टर चिकटतात, आणि टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहत असल्याने कोरडा पडून खराब होतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण येते का ते ऐका. येत नसेल तर फ्यूज, रिले आणि पंप या क्रमाने तपासायला सांगा. पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून काही किलोमीटर पेट्रोलवरच चालवा. गॅसला ठिणगीही जोमदार लागते, म्हणून झिजलेले प्लग अशा गाड्यांत लवकर त्रास देतात. प्लग बदलायला मात्र सर्व्हिस सेंटरच हवं असं नाही, ओळखीचा मेकॅनिक पुरतो.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल आणि इंजिन जड फिरत असेल, तर फार शोध न घेता बॅटरीवाल्याला बोलवा. तेवढं तिचं आयुष्य झालेलंच असतं.

पावसात गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर यांपैकी कुणीही येईपर्यंत सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स आहे का ते बघून टोइंग मागवा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर सपाट ट्रकवर चढवून नेणारंच वाहन मागा.